बगदादचा राडारोडा उपसणारा कारभारी

१२५८ च्या सप्टेंबर महिन्यात रमजानचा चांद दिसला, तेव्हा बगदादमध्ये खलिफा नव्हता. अब्बासी खलिफांनी हे शहर वसवले त्याला पाचशे वर्षे होत आली होती आणि एवढ्या काळात असा रमजान शहराने पाहिला नव्हता. खलिफांची मशीद जळाली होती. काझमैनची दर्गाह जळाली होती. रुसाफ्यातल्या खलिफांच्या कबरींनाही आगीने सोडले नव्हते. फेब्रुवारीत चंगेजखानाचा नातू हुलागू याची मंगोल फौज शहरात शिरली. आठवडाभर कत्तल आणि लूट चालली. शेवटचा खलिफा मुस्तअसिम बिल्लाह २० फेब्रुवारीला मारला गेला. किती माणसे गेली याचे आकडे इतिहासकारांगणिक बदलतात. खुद्द हुलागूने काही वर्षांनी फ्रान्सच्या राजाला धाडलेल्या पत्रात दोन लाखांहून अधिक असा आकडा लिहिला, तोही फुशारकीने. प्रेतांच्या दुर्गंधीमुळे विजेत्यालाच आपला तळ शहरापासून दूर हलवावा लागला.

हे मंगोल म्हणजे हिंदुस्थानातले मोगल नव्हेत. बाबराचे आईकडून चंगेजखानाशी नाते लागत होते, पण तो अडीच शतकांनंतरचा विषय.

बगदादच्या पाडावाची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. टायग्रिस नदीत इतकी पुस्तके फेकली की पाणी शाईने काळे झाले, हे तर हमखास सांगितले जाते. त्यात रंग किती आणि खरे किती हा वेगळा प्रश्न, कारण बरीच पुस्तके नसीरुद्दीन तुसी या खगोलशास्त्रज्ञाने मरागा इथल्या वेधशाळेत नेली होती. पण गोष्ट तिथेच संपते. दुसऱ्या दिवशी काय झाले, प्रेते कोणी उचलली, विटांचे ढीग कोणी हलवले, पाण्याची सोय कोणी केली, हे कोणी विचारत नाही. त्या प्रश्नांच्या उत्तरात एक नाव पुन्हा पुन्हा येते, अलाउद्दीन अता मलिक जुवैनी. इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे ते ‘तारीख-ए-जहाँगुशा’ या फारसी ग्रंथामुळे. चंगेजखान आणि त्याच्या वारसांची हकिकत जाणायची तर आजही जगभरचे विद्वान या ग्रंथापासून सुरुवात करतात. पण हा ग्रंथकार वीस वर्षांहून अधिक काळ बगदादचा कारभारी होता, हे ग्रंथाच्या सावलीत झाकले गेले.

जुवैनींचा जन्म १२२६ चा, खुरासानातल्या जुवैन भागातला. घराणे पिढीजात दिवाणगिरीचे. आजोबा ख्वारज्मच्या शाहाचे दिवाण होते. चंगेजखान चालून आला आणि शाह पळत सुटला, तेव्हा ते त्याच्याबरोबर बल्खहून निशापूरकडे धावत होते. वडील बहाउद्दीन मंगोलांच्या हाती लागले आणि मारले जाण्याऐवजी त्यांच्याच चाकरीत खुरासानचे दिवाण झाले. तलवार चालवणारे राज्य जिंकतात. पण जमाखर्च, सारा, टपाल, फर्माने या गोष्टी त्यांना येत नाहीत. त्या येणारी माणसे इराणात होती. अता मलिक विशीच्या आतच मंगोल सुभेदार अर्गून आका याच्या कचेरीत लेखनिक झाले. त्याच्याबरोबर ते दोनदा मंगोलियापर्यंत गेले. १२५२-५३ मध्ये काराकोरमला वर्षभराहून अधिक मुक्काम पडला. तिथे मित्रांच्या आग्रहावरून त्यांनी ग्रंथ लिहायला घेतला.

म्हणजे ज्या पिढीने मंगोलांना येताना पाहिले तिच्यातला हा नव्हता. मंगोल आल्यानंतरच्या जगात जन्मलेला होता. उद्ध्वस्त निशापूर, उद्ध्वस्त तूस हीच त्याची ओळखीची भूमी. पडक्या गावातून घोड्यावर जाणे त्याच्यासाठी रोजचे होते. त्याचा पुढचा स्वभाव समजायला हे लक्षात ठेवावे लागते.

१२५६ मध्ये हुलागू खुरासानात आला आणि जुवैनी त्याच्या पदरी रुजू झाले. त्याच वर्षी खबूशान नावाच्या गावावरून छावणी चालली होती. हे गाव मंगोलांच्या पहिल्या स्वारीत उजाड झाले ते तसेच पडून होते. जुवैनींनी हुलागूकडे शब्द टाकला. गावाची कनाते, म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून पाणी आणणारे बोगदे, दुरुस्त व्हावीत, बाजार पुन्हा बसावा, आणि खर्च रयतेच्या नव्हे तर खजिन्याच्या माथी पडावा. हुलागूने हुकूम दिला. कनाते साफ झाली, पाणी आले, माणसे परतली. एका तिशीतल्या मुन्शीने जगाला थरकाप भरवणाऱ्या माणसाकडून काढलेली ही पहिली मंजुरी. तिचा क्रम बघण्यासारखा आहे: आधी पाणी, मग बाजार.

पण त्याच वर्षाअखेर हेच जुवैनी आलमूतच्या किल्ल्यावर होते. इस्माइली पंथाच्या या बालेकिल्ल्यात मोठा कुतुबखाना होता. शरणागतीनंतर जुवैनी आत गेले, कुरआनाच्या प्रती आणि निवडक ग्रंथ बाजूला काढले, ग्रहताऱ्यांचे वेध घेण्याची उपकरणे वाचवली आणि उरलेली पुस्तके पाखंड ठरवून जाळून टाकली. हे कोणा शत्रूने लिहिलेले नाही; त्यांनी स्वतःच अभिमानाने नोंदवले आहे. त्यांच्या चरित्रावर प्रेम करणाऱ्यांना हे पान ओलांडून जावेसे वाटते. तसे जाऊ नये.

बगदादच्या वेढ्यात ते हुलागूच्या तळावर होते. त्यांनी काय पाहिले? त्यांच्या ग्रंथात याबद्दल एक अक्षर नाही. ‘जहाँगुशा’ आलमूतच्या पाडावापाशी थांबतो. ग्रंथ हातावेगळा झाला तो १२६० च्या सुमारास, म्हणजे बगदाद पडून दोन वर्षे झाल्यावर. लिहायचे असते तर लिहिता आले असते. काही हस्तलिखितांना बगदादच्या पाडावाचे एक प्रकरण जोडलेले सापडते, पण ते तुसीच्या नावावर आहे. इतका बोलका इतिहासकार नेमका इथे गप्प का झाला? भीतीने म्हणावे, तर मंगोलांच्या इतर कत्तली त्यांनी तपशिलाने लिहिल्याच आहेत. जुवैनींचे चरित्र लिहिणारा प्रत्येक जण या शांततेपाशी अडखळतो.

शहर पडल्यावर साफसफाईचे पहिले हुकूम हुलागूच्या सरदारांनीच दिले. तीन हजार घोडेस्वार घेऊन दोन सरदार शहर सावरायला पाठवले गेले. प्रेते पुरली, मेलेली जनावरे रस्त्यांतून ओढून काढली, बाजाराची दुकाने उघडली. कझवीनच्या एका नायबाने खलिफांची मशीद आणि काझमैनची दर्गाह यांची डागडुजी सुरू केली. इराकच्या सखल भागात दगड मिळत नाही. बांधकाम सगळे विटांचे. त्यामुळे अशा शहरात राडारोडा हा निव्वळ कचरा नसतो. भाजलेली वीट साबूत निघाली तर चुना खरवडून ती पुन्हा भिंतीत बसते, आणि तुकडे भरावाला जातात. ढीग हलवणे आणि घर उभे करणे ही तिथे दोन वेगळी कामे नव्हती.

१२५९ मध्ये हुलागूने बगदाद, दक्षिण इराक आणि खुजिस्तान जुवैनींच्या हवाली केले. वय तेहतीस. थोरले बंधू शमसुद्दीन पुढे साऱ्या इलखानी राज्याचे साहिब-दिवाण, म्हणजे मुख्य प्रधान झाले. हुलागूनंतर त्याचा मुलगा अबाका गादीवर आला. कागदोपत्री सुभेदारी एका मंगोल अमीराकडे गेली, पण काम जुवैनीच बघत राहिले.

त्यांच्यापुढचा खरा राडारोडा शहराबाहेर होता. इराक पावसावर जगत नाही. फरात आणि टायग्रिस या दोन नद्यांतून काढलेल्या कालव्यांवर जगतो. या नद्यांची रीत आपल्याकडच्या नद्यांहून उलटी. आपल्याकडे पूर पावसाळ्यात येतो, पेरणीच्या वेळी. तिकडे उत्तरेच्या डोंगरातला बर्फ वितळून एप्रिल-मेमध्ये पूर येतो, नेमका गहू-जव कापणीला आलेला असताना. बांध धड नसेल तर पीक डोळ्यांदेखत बुडते. शिवाय पाण्यात गाळ अफाट. कालव्याच्या तोंडाशी प्रवाह मंदावला की गाळ बसतो. दरवर्षी माणसे उतरवून तो उपसावा लागतो. चार-पाच वर्षे हात लावला नाही तर कालवा भरून जातो. पाणी गेले की जमिनीतले मीठ वर येते, मीठ आले की शेतकरी उठतो. मग गाळ काढायला माणूसच उरत नाही.

सगळा दोष मंगोलांवर टाकला की हिशेब सोपा होतो, पण तो बरोबर नाही. बगदादच्या पूर्वेचा मोठा नहरवान कालवा तीनशे वर्षांपूर्वी, ९३७ मध्ये, आपसातल्या लढाईत एका मुसलमान सरदारानेच फोडला होता; शत्रूची वाट अडावी म्हणून. शहराला १२५६ मध्ये, म्हणजे वेढ्याच्या आधीच, मोठ्या पुराने झोडपले होते. मंगोलांनी त्यावर कळस चढवला. जानेवारी १२५८ मध्ये खलिफाची फौज शहराबाहेर मुकाबल्याला आली, तेव्हा रातोरात तिच्या मागचे बांध फोडून तिचा तळ पाण्याखाली घातला गेला. सैनिक चिखलात रुतले आणि कापले गेले. युद्धात बांध फोडायला एक रात्र लागते. तो परत घालायला किती हंगाम जातात हे जुवैनींना पुढच्या वीस वर्षांत कळणार होते.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे फरातवरच्या अंबारपासून कूफा आणि नजफपर्यंत काढलेला कालवा. अंबार आजच्या फलूजाजवळ. तिथून नजफ सरळ रेषेत मोजले तरी सुमारे दीडशे किलोमीटर. या कालव्याच्या काठाने दीडशे गावे वसवली गेली, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. कूफ्याच्या मशिदीत हजरत अलींवर रमजानच्या १९ तारखेला वार झाला आणि २१ ला त्यांचे निधन झाले. नजफला त्यांची मजार आहे. नजफ वाळवंटाच्या काठावरचे, पाण्यासाठी कायम तरसलेले गाव. जुवैनी स्वतः सुन्नी. शिया यात्रेकरूंच्या गावाला पाणी नेणारा हा सुन्नी कारभारी एका बुद्ध-पूजक इलखानाचा नोकर होता.

अंबारचा मुलूख काही शांत नव्हता. सप्टेंबर १२६० मध्ये, हिजरी ६५८ च्या रमजानात, पॅलेस्टाइनमधल्या ऐन जालूतच्या मैदानावर मिसरच्या ममलूक फौजेने मंगोलांना हरवले. काहिऱ्यात आनंद झाला, फरात नदी सरहद्द बनली. पुढच्याच वर्षी ममलूकांनी एका अब्बासी वारसाला खलिफा म्हणून बगदाद परत घ्यायला धाडले. तो थोडकी फौज घेऊन आला आणि अंबारजवळच मंगोलांकडून मारला गेला. जुवैनी नदीच्या या बाजूला होते. त्यांच्याच धर्माचे सैन्य पलीकडे जिंकत होते आणि ते अलीकडे मंगोलांच्या खजिन्यातून कालवे खणत होते. ममलूकांचे इतिहासकार अशा माणसांबद्दल फार गोड लिहीत नाहीत. फरातच्या पाण्यावर ज्यांचे शेत होते त्यांना काय वाटले असेल, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

कालव्याबरोबर साराही आला. उजाड जमिनीवर जुना सारा लावला तर परतलेला शेतकरी पुन्हा पळतो. जुवैनींनी कुळांवरचा बोजा हलका केला. काही जुन्या लेखकांनी पुढे असे लिहिले की इराक खलिफांच्या काळापेक्षाही सुबत्तेत आला. ही अतिशयोक्तीच. नहरवानचा पट्टा पुन्हा कधी पूर्वीसारखा झाला नाही. पण १२५८ मध्ये बगदादची राख पाहिलेल्या माणसाला वीस वर्षांनी असे म्हणावेसे वाटले, यातही काहीतरी आहे.

शहरात मुस्तनसिरिया मदरसा पुन्हा चालू झाला. तिथल्या कुतुबखान्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इब्न अल-फुवती नावाचा चौदा वर्षांचा बगदादी मुलगा पाडावात कैद होऊन अझरबैजानकडे नेला गेला होता. नशिबाने तो तुसीच्या हाताखाली मरागाच्या ग्रंथालयात लागला आणि शिकून मोठा झाला. जुवैनींनी १२८० च्या सुमारास त्याला बगदादला परत आणवले आणि मुस्तनसिरियाचा कुतुबखाना त्याच्या ताब्यात दिला. कैदी म्हणून गेलेला मुलगा बावीसएक वर्षांनी आपल्या गावच्या पुस्तकांचा रखवालदार म्हणून परतला. ज्या हातांनी आलमूतची पुस्तके आगीत टाकली, तेच हात हा हुकूम लिहीत होते. वयाने माणूस बदलतो की फक्त पुस्तकांचा पंथ वेगळा होता, हे वाचकाने ठरवावे.

खलिफांच्या मशिदीचा विटांचा मिनार १२७९ च्या सुमारास, त्यांच्याच कारकिर्दीत पुन्हा उभा राहिला. सूक अल-गझल, म्हणजे सूतबाजाराच्या भागात तो अजून आहे. शेजारची मशीद विसाव्या शतकातली.

शहर चालवणे म्हणजे केवळ विटा-पाणी नव्हे. हुलागूची पट्टराणी दोकुझ खातून ख्रिस्ती होती. पाडावात ख्रिस्ती वस्तीला तिच्यामुळे अभय मिळाले होते, आणि याचा सल मुसलमान मोहल्ल्यांत होता. १२६८ मध्ये एका धर्मांतरित माणसावरून वाद पेटला. ख्रिस्ती धर्मगुरू त्याला नदीत बुडवणार अशी बातमी फिरली आणि जमाव त्यांच्या वाड्याला आग लावायला गेला. जुवैनींनी आपली माणसे पाठवून धर्मगुरूंना नदीच्या बाजूने सुखरूप बाहेर काढले. जमाव त्यांच्याच धर्माचा होता.

शेख सादींनी बगदादच्या पाडावावर शोकगीत लिहिले. त्यांची ‘गुलिस्ताँ’ही त्याच १२५८ सालची. याच सादींनी पुढे जुवैनी बंधूंच्या स्तुतीत कसीदे रचले. सादींना यात विसंगती दिसली नाही. आज आपल्याला दिसते, कारण आपल्याला त्या शहरात राहायचे नव्हते.

एवढी वर्षे एवढा पैसा ज्याच्या हातून जातो त्याचे वैरी तयार होतात. मज्दुल मुल्क नावाच्या यझदच्या अंमलदाराला शमसुद्दीन बंधूंनीच पुढे आणले होते. त्यानेच अबाकाचे कान भरले. आरोप दोन: अफरातफर आणि ममलूकांशी पत्रव्यवहार. १२८१ मध्ये जुवैनींना पकडले. घरदार, मालमत्ता जप्त झाली. अंगावर बेड्या आल्या, मारहाण झाली. ज्या बगदादचे रस्ते त्यांनी मोकळे केले होते त्याच रस्त्यांतून त्यांची धिंड काढली गेली. आरोप किती खरे? पत्रव्यवहाराचा पुरावा निघाला नाही. पैशांबाबत त्या काळच्या कुठल्याही सुभेदाराची वही धुतल्या तांदळासारखी नसे, आणि जुवैनी श्रीमंत होते हे खरे. मंगोल राजपुत्र आणि राजस्त्रिया मध्ये पडल्या. हिजरी ६८० च्या रमजानात, चौथ्या रोजाला, म्हणजे १७ डिसेंबर १२८१ रोजी, त्यांची सुटका झाली. ती टिकली नाही. पुन्हा आरोप, पुन्हा चौकशीसाठी हमदानकडे रवानगी. ते वाटेत असतानाच १ एप्रिल १२८२ रोजी अबाका वारला.

नवा इलखान तेगुदार मुसलमान झाला होता आणि त्याने अहमद हे नाव घेतले होते. त्याने जुवैनींना सोडले आणि बगदाद परत त्यांच्या हाती दिले. मज्दुल मुल्कचा शेवट भयंकर झाला. त्याच्या देहाचे तुकडे गावोगाव पाठवले गेले. कैदेच्या दिवसांवर जुवैनींनी दोन छोटे फारसी लेख लिहिले. एकाचे नाव ‘तस्लियतुल इखवान’, म्हणजे भावांचे सांत्वन. वीस वर्षे बगदादबद्दल न लिहिणारा माणूस अखेर लिहिता झाला तो स्वतःच्या छळाबद्दल.

अबाकाचा मुलगा अर्गून याला हे पुनरागमन मान्य नव्हते. त्या हिवाळ्यात तो बगदादला आला, जुन्या अफरातफरीचा विषय उकरला आणि जुवैनींच्या माणसांना छळायला सुरुवात केली. त्यांचा एक नायब नुकताच वारला होता. अर्गूनने त्याचे प्रेत कबरीतून काढून भर रस्त्यात फेकायला लावले. ही बातमी जुवैनींना मुगानच्या छावणीत कळली. त्यांच्या डोक्यात असह्य कळ आली, ते कोसळले, आणि ५ मार्च १२८३ रोजी त्यांचे निधन झाले. वय सत्तावन्नच्या आसपास. बगदाद दूर होते. त्यांना तबरेझच्या चरंदाब कब्रस्तानात दफन केले. पुढच्या वर्षी अर्गून गादीवर आला आणि ऑक्टोबर १२८४ मध्ये थोरले बंधू शमसुद्दीन यांचा शिरच्छेद झाला.

इब्न अल-फुवती त्यानंतरही चाळीस वर्षे जगला. १२५८ मध्ये ज्या शहरातून त्याला नेले त्याच शहरात, कुतुबखान्यात बसून, तो माणसांची नावे आणि चरित्रे लिहीत राहिला.